मंगळवारी वेरूळ बंद

"रविवारी उतरायलेत म्हणजे आधी अजिंठा," नाना म्हणाले. "सोमवारी अजिंठा बंद. मंगळवारी वेरूळ बंद. रविवार वाया गेला तर अजिंठा गेलंच म्हणून समजा."

आई स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. "आणि विभाला कधी बघायचं त्यांनी?"

"बघतील की. मधे कुठंतरी बसवू."

"मधे कुठंतरी म्हणजे? लोक पोरगी बघायला यायलेत का लेणी?"

नाना भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसले होते. एसटीत ते आधी ड्रायव्हर होते आणि शेवटी औरंगाबादच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक. निवृत्त झाले, पण गाड्या सोडायची सवय सुटली नाही. पाहुणा घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याची परतीची गाडी, तिचा फलाट आणि मधे जेवायला कुठे थांबेल हे नाना सांगून मोकळे व्हायचे. तीन दिवसांत अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि मकबरा बसवायचे, तेही रविवारी उतरणाऱ्यांसाठी, म्हणजे त्यांच्या हातात कोणीतरी खाऊच दिला होता.

पाहुणे ठाण्याचे. राजहंस. मुलगा मकरंद, इंजिनियर, घरचं चांगलं, पत्रिका जुळलेली. मी एकोणतीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते आणि माझ्या जिभेला हाड नाही अशी माझी तीन तालुक्यांत कीर्ती होती. एका स्थळाने "स्वयंपाक येतो का" विचारलं तेव्हा मी "तुम्हाला येतो का" म्हटलं होतं. ते प्रकरण तिथेच संपलं. माझ्यासाठी नानांनी जेवढे उंबरठे झिजवले तेवढे एसटीचे टायरही झिजले नसतील. शेवटी मीच एक दिवस त्यांना म्हणाले होते, "नाना, आता हे शेवटचं. हे झालं तर झालं. यानंतर मी कुणापुढं पोहे घेऊन जाणार नाही, आणि तुम्हीही कुणापुढं हात जोडायचे नाहीत." नाना म्हणाले, "हे होणार बघ." तेव्हापासून त्या घरात या एका गोष्टीशिवाय दुसरा विषय नव्हता.

त्या संध्याकाळी नानांनी ठाण्याला फोन लावला. "रविवारी सकाळी आधी छोटासा कार्यक्रम उरकू, मग निवांत अजिंठ्याला निघू," असं ते अगदी अदबीने म्हणाले. राजहंसकाकूंचा आवाज असा खणखणीत की मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू आलं.

"अहो खरवंडीकर, त्यात सकाळ जाईल ना आमची. मुलगी काय, घरातच आहे. ती कुठल्या वारी बंद नसते. लेणी बंद होतात."

नाना हसले. ते हसले म्हणून मीही हसले.

काकूंची आणखी एक अट होती. कार्यक्रम होईपर्यंत मुलीच्या घरचा उंबरठा ओलांडायचा नाही, तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यामुळे त्यांची राहायची सोय वरच्या मजल्यावर बेंद्रे यांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये केली. चहा खालून वर जायचा. नाश्ता, डबे, फिरायला निघताना थर्मास, सगळं आईच्या हातचं, पण जिन्याने वर गेलं की ते मुलीकडचं राहत नव्हतं. गाडीत बसून खाल्लेलंही चालत होतं. आई म्हणाली, "देवसुद्धा एवढं सोवळं पाळत नाही." तीन दिवस जीभ दाताखाली ठेवायची असा माझा आणि आईचा करार होता.

रविवारी पहाटे गाडी आली. काकू, त्यांचा मकरंद आणि काकूंची धाकटी बहीण, जिला सगळे बेबीमावशी म्हणत. नानांनी जुन्या मित्राची सुमो मागून आणली होती आणि ड्रायव्हर नको म्हणून स्वतःच चालवायला बसले होते. आईचे गुडघे दुखायचे, म्हणून डबे वाढायला कोण जाणार असा प्रश्न आला.

"मुलीला येऊ दे की," काकू जिन्यातूनच म्हणाल्या. "आम्ही काही बघितल्यासारखं बघणार नाही."

म्हणून मी गेले. न बघितल्यासारखी.

आता सांगायला हरकत नाही, तो रविवार माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं, फर्दापूरला गाडी ठेवून आम्ही तिथल्या बसने लेण्यांपाशी गेलो. थंडीचे दिवस होते. काकू आणि मावशी दोन लेण्यांनंतर एका दगडावर टेकल्या. नाना त्यांना पाणी द्यायला थांबले आणि मी आणि मकरंद पुढे गेलो. चपला काढायच्या, आत जायचं, अंधाराला डोळे सरावेपर्यंत उभं राहायचं, बाहेर येऊन पुन्हा चपला शोधायच्या. दोघांनी मिळून चपला शोधताना माणूस फार शिष्टपणा करू शकत नाही.

"तुम्ही इथल्याच. कितव्यांदा बघताय?" त्याने विचारलं.

"पाहुणे येतील तितक्यांदा. लहानपणी मला वाटायचं, पाहुण्यांसाठीच कोरलीत ही."

तो हसला. मोठ्याने हसला, आतल्या रखवालदाराने वळून बघितलं. एका चित्रासमोर तो बराच वेळ थांबला. मी घाई केली नाही. बाहेर आल्यावर त्याने माझ्या हातातली डब्यांची पिशवी घेतली, मी नको म्हणेपर्यंत तो चालू लागला होता. मला आजवर बघायला आलेल्यांपैकी एकानेही माझ्या हातातलं काही घेतलं नव्हतं. घेतलं असेल तर पोह्याची बशी.

खाली झाडाखाली मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाढली. मावशी जेवता जेवता बोलत होत्या. मावशींना गप्प बसायचं वरदान नव्हतं.

"कोल्हापूरच्यांनी किनई आम्हाला पन्हाळ्यावर जेवू घातलं. पण तिखट फार. तुमचं बरं आहे."

"बेबी," काकू म्हणाल्या.

"अगं, चांगलंच म्हणतेय. सोलापूरच्यांची गाडी मात्र छान होती हो, एसीची. आणि जाताना चादरी दिल्या."

नानांनी दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत आमच्याकडच्या हिमरू विणीच्या दोन शाली घेतल्या, त्या या बोलण्यानंतर. मला त्यात वावगं वाटलं नाही. लोक दहा मुली बघतात. कोल्हापूरची बघितली असेल, सोलापूरची बघितली असेल, जमलं नसेल. नाही जमलं म्हणून तर इथे आलेत, असा मी हिशेब केला. गणिताची शिक्षिका होते ना मी.

परतताना मकरंद पुढे नानांशेजारी बसला होता. नाना त्याला घाटातल्या वळणांच्या गोष्टी सांगत होते, आणि तो ऐकत होता, खरोखर ऐकत होता. मी मागे मावशींच्या घोरण्याला खांदा देऊन बसले होते आणि मनात ठाण्याच्या एका घराच्या खिडकीला पडदे लावत होते. कोणत्या रंगाचे तेही ठरलं होतं. घरी आल्यावर आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग देवापाशी जाऊन आली.

सोमवारी वेरूळ. वाटेत दौलताबादचा किल्ला, पण काकूंनी तो खालूनच बघितला. कैलास लेण्याच्या आवारात शिरल्यावर नाना म्हणाले, "तुम्ही या बघून, मी गाडीच्या काचा पुसून घेतो. धुळीनं काही दिसंना झालंय." ते मागे गेले.

आम्ही आवारातून फिरत असताना एक बाई काकूंना भेटल्या. ठाण्याच्याच, त्यांच्याच सोसायटीतल्या असाव्यात. अगबाई तुम्ही कशा इथे वगैरे झालं.

"कुणाबरोबर आलात? टूरबरोबर?"

"छे गं. इथली एक गाडी केलीय," काकू म्हणाल्या. "ड्रायव्हर म्हातारा आहे, पण माणूस बरा आहे. लेण्यांची माहितीही सांगतो."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्या एका हातात त्यांचा थर्मास होता आणि दुसऱ्यात त्यांचा स्वेटर. काकूंना मी दिसले की नाही कोण जाणे, पण त्यांचा आवाज जराही खाली आला नाही. आधी मला वाटलं, मुलगी बघायला आलोय हे शेजारणीला कळू नये म्हणून बोलल्या असतील. लोक लपवतात. मी त्यांची बाजू घेत होते, बघा. पडदे लावून झाले होते ना.

मग मावशी माझ्याजवळ आल्या आणि थर्मासमधला चहा मागितला. फुंकर घालत म्हणाल्या, "झालं बाई हे शेवटचं. मे महिन्यानंतर कुठलं आलंय असं फिरणं. सून आली की ताईचे पाय घरातच अडकणार."

"मे महिन्यात काय आहे?" मी विचारलं.

मावशींनी चहाचा मोठा घोट घेतला, त्यांना ठसका लागला, आणि त्या काकूंना शोधत निघून गेल्या.

मकरंद दगडी हत्तीच्या तुटक्या सोंडेपाशी उभा होता. मी जाऊन समोर उभी राहिले. जिभेचा करार अजून चालू होता, म्हणून मी शक्य तितक्या हळू बोलले.

"मे महिन्यात तुमचं लग्न आहे का?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. तो खोटं बोलेल असं मला वाटलं, आणि बोलला असता तर कदाचित मी त्यावर विश्वासही ठेवला असता.

"हो," तो म्हणाला. "माझ्याच ऑफिसमधली आहे. साखरपुडा झालाय दिवाळीत."

"मग इथे?"

"आईला फिरायची फार हौस आहे. बाबांनी तिला कधी कुठे नेलं नाही. ते गेल्यावर एकदा कोल्हापूरला स्थळ बघायला गेलो, तेव्हा त्यांनी देवीचं दर्शन घडवलं, पन्हाळा दाखवला. आई इतकी खूश झाली होती. मग सोलापूर. मग नाशिक. माझं ठरल्यावर मी म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, अजिंठा तेवढा राहिलाय."

"तिकिटं काढून येता आलं असतं."

"नुसती तिकिटं काढून आलेल्यांचं कोण एवढं करतं हो आपल्याकडे," तो म्हणाला, आणि त्याचा त्यालाच अर्थ कळला असावा, कारण तो हत्तीकडे वळला. मग म्हणाला, "तुम्ही प्लीज घरी सांगू नका. आम्ही गेल्यावर कळवू, पत्रिका जुळत नाही म्हणून."

"पत्रिका जुळलेली आहे. तुमच्याच गुरुजींनी जुळवली."

"मग दुसरं काहीतरी कळवू."

काल याच माणसाने माझी पिशवी धरली होती. मला त्याच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडावंसंही वाटलं. यातलं एकही केलं नाही. त्याचा स्वेटर नव्हता, त्याच्या आईचा होता, तो मी त्याच्या हातात दिला आणि गाडीकडे निघाले.

नाना गाडीच्या काचा पुसून, टायर बघून, बॉनेटला टेकून उभे होते. मला बघून म्हणाले, "एकटीच? मकरंदराव कुठंयत?"

मकरंदराव. नानांनी सोमवारी दुपारीच त्याला राव लावून टाकला होता.

"येतायत," मी म्हणाले.

"विभा, माझं एक ऐक. पोरगा चांगलाय. माझ्याशी कसा बोलतो बघ. आत्तापर्यंत आलेल्यांत एकानंबी मला माझ्या नोकरीचं विचारलं नव्हतं." त्यांनी फडकं झटकलं. "घोडं गंगेत न्हालं म्हण."

सगळं ओठांपर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? नानांनी त्यांना तिथेच उतरवलं असतं, शिव्या घातल्या असत्या, आणि मग घरी येऊन त्या कॅलेंडरसमोर बसले असते. बासष्टाव्या वर्षी आपण तीन दिवस कुणाचे फुकटचे ड्रायव्हर होतो, आपल्या बायकोने दुखऱ्या गुडघ्यांनी कुणासाठी पुऱ्या लाटल्या, हे त्यांना कळलं असतं. माझं काय, मी सोसलं असतं. नानांचं मला बघवलं नसतं. मी पाण्याची बाटली उघडून प्यायले, आणि बोलणं पाण्याबरोबर खाली गेलं.

मंगळवारी काही बघण्यासारखं उरलं नव्हतं. मकबरा सकाळी तासाभरात झाला. तेव्हा काकू म्हणाल्या, "चला, आता तुमचा कार्यक्रम उरकून टाकू. संध्याकाळी गाडी आहे आमची."

आईने मला पैठणी नेसवली. तिचीच, लग्नातली. बैठकीत सतरंजी, तिच्यावर चादर, नाना इस्त्रीच्या शर्टात. तीन दिवसांत पहिल्यांदा राजहंस मंडळींनी आमचा उंबरठा ओलांडला, आणि काकू पहिल्यांदाच आल्यासारखं छताकडे, भिंतींकडे बघत बसल्या. मी पोहे घेऊन आत आले. वाकून नमस्कार केला. पाटावर बसले.

काकूंनी पदर सावरला, कौतुकाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाव काय बाळ तुझं?"

तीन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायलेली बाई ती. तीन दिवस "विभा, जरा हे धर" म्हणणारी. नाना समोर कौतुकाने मान हलवत होते, जणू हा प्रश्न मला फार अवघड जाणार होता आणि मी तो सोडवणार होते. मकरंद पोह्यातली मिरची बाजूला काढत होता. मला कळलं की आता मी नाव सांगणार, मग शिक्षण, मग गाणं म्हणून एखादा अभंग, मग नाना शाली देणार, हात जोडणार, स्टेशनवर सोडायला जाणार, आणि मग महिनाभर फोनची वाट बघत बसणार. रोज संध्याकाळी फोनच्या शेजारी खुर्ची ओढून. मागच्या खेपेला बसले होते तसे.

"आज मंगळवार, काकू," मी म्हणाले. "मंगळवारी मी बंद असते."

कुणाला काही समजलं नाही. मग काकूंना समजलं.

"काय म्हणालीस?"

"रविवारी बघायचं होतं. तुम्हीच म्हणालात, मुलगी कुठल्या वारी बंद नसते. तर असते. तुमचं बघून झालंय सगळं, आता गाडीची वेळ झाली."

"विभा," नाना म्हणाले. एवढंच.

काकू उठल्या. "हेच ऐकायला एवढ्या लांब आलो होतो का आम्ही? खरवंडीकर, मुलीला वळण लावायला हवं होतं तुम्ही." मावशी पोह्याचा शेवटचा घास घेऊन उठल्या. नाना हात जोडून म्हणत होते, "लेकरू आहे, बोलून गेली, माफ करा, पदरात घ्या." ज्या हातांना मी म्हणाले होते की आता कुणापुढे जोडू नका, ते हात.

दारात मकरंदने एकदा मागे वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. आता काही कळवायची गरज राहिली नव्हती, पत्रिकेला दोष द्यायला नको होता. त्यांना हवा होता तो नकार मी पोह्यांबरोबर वाढला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नानांनी शालीही दिल्या, आणि त्यांना स्टेशनवरही सोडलं. काकू शाल नको म्हणाल्या नाहीत.

रात्री आईने विचारलं, "का गं असं केलंस?"

"तोंडातून गेलं."

"एवढं तीन दिवस धरलंस, अजून घटकाभर धरवलं नाही?" ती रडत होती. मी तिच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं.

नाना माझ्याशी जवळजवळ महिनाभर बोलले नाहीत. एप्रिलमध्ये ठाण्याहून लग्नाची पत्रिका आली. काकूंची तऱ्हाच ती, त्यांना त्यात गैर वाटलं नसणार. नानांनी ती दोनदा वाचली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"बघ. तीन महिन्यांत जमलं त्यांचं. चांगलं स्थळ कुणासाठी थांबतं का?"

"नाही थांबत," मी म्हणाले.

पुढे एकाही पाहुण्यापुढे मी पोहे घेऊन गेले नाही, आणि नानांनीही पुन्हा कुणाला आणलं नाही. आमच्या दोघांचा करार तेवढा पाळला गेला. नातेवाइकांत मात्र ती गोष्ट राहिली. राजहंसांचं स्थळ हिच्या जिभेनं घालवलं, नाहीतर आज ठाण्याला फ्लॅटमध्ये असती. नाना स्वतः सांगायचे, आणि मी शेजारी बसून ऐकायची. आई गेली तेव्हा मला वाटलं, आता सांगावं. पण आता तर त्यांना दुखऱ्या गुडघ्यांनी पुऱ्या लाटणारी आईच आठवत राहिली असती. पुन्हा राहून गेलं.

नाना अंथरुणाला खिळल्यावर, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, वरच्या बेंद्र्यांकडे इंदूरहून पाहुणे आले. रविवारी सकाळीच उतरले होते. नवरा, बायको, दोन मुलं. कुठे काय बघायचं हे विचारायला ते खाली आले, कारण बेंद्रे म्हणाले होते की याबाबतीत नानांच्या तोडीचं माणूस गावात नाही. नानांना मी उशी लावून बसवलं. इतक्या दिवसांनी त्यांच्या आवाजात स्थानकावरचा नियंत्रक ऐकू आला.

"रविवारी उतरलात ना? मग आत्ताच्या आत्ता अजिंठ्याला निघा. उद्या बंद. उद्या वेरूळ करा, दौलताबाद करा."

"आणि मंगळवारी?" त्या बाईंनी विचारलं.

नानांनी दम घेतला. मी त्यांच्या पाठीला हात लावून उभी होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण बोलले मलाच.

"मंगळवारी काही ठरवू नका. मंगळवारी आमच्याकडं सगळंच बंद असतं. माझ्या पोरीला विचारा."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा विनोद आहे. मी नानांची उशी सारखी केली आणि पाहुण्यांसाठी पोहे टाकायला आत गेले.